आर्डेलची अकरा नंबरची गाडी

आर्डेल केम्पायनेनच्या नाकावर राग असतो, असं टॅमरॅक गल्लीतली माणसं म्हणायची. नाकावर कसला! तो तिच्या घरातच मुक्कामाला होता. सकाळी कॉफी उकळायच्या आधी उठायचा आणि बाई झोपली तरी जागा असायचा. सुपीरिअर सरोवराच्या काठच्या त्या गावात तिची बोलणी न खाल्लेला माणूस शोधायचा म्हटलं, तर पाळण्यातलं पोर उचलून आणावं लागलं असतं.

एकतीस वर्षं तिनं गावाबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या सांभाळल्या. चाळीस गाड्या, एक पत्र्याची शेड आणि ही बाई. खेळायला येणारे वकील, डॉक्टर, वखारवाले मैदानावर मोठे साहेब असायचे, पण शेडच्या दारात आले की त्यांची शाळेतली पोरं व्हायची. कारण ज्यांच्या स्वतःच्या गाड्या होत्या त्या प्रत्येकाला गाडीला काहीतरी लावून हवं असायचं. कुणाला गाणी, कुणाला पंखा, कुणाला दिवे. आणि ते घरी बसून स्वतःच्या हातानं लावायला गेले की सगळे एकजात तीच चूक करायचे.

चूक अशी. गाडीच्या बैठकीखाली सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतात, एकीला एक जोडलेल्या. दिव्याला आणि गाण्याला लागतात बारा व्होल्ट. मग शहाणा माणूस काय करतो, शेजारच्या दोन बॅटऱ्यांना वायर लावतो आणि मोकळा होतो. सहा आणि सहा बारा! दिवा लागतो, गाणं वाजतं, बायको टाळ्या पिटते. पण सहा जण मिळून कपाट उचलत असताना त्यातल्या दोघांच्याच डोक्यावर वर पोतं ठेवलं तर काय होईल? ते दोघं आधी बसणार. चार्जर बिचारा सगळ्यांच्या पानात सारखंच वाढतो, म्हणजे ते दोघं उपाशी राहतात आणि बाकीचे चौघं अजीर्णानं मरतात. सहाही जणांकडून सारखं घ्यायचं तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. डब्याएवढी वस्तू. पण ती लावायचा कंटाळा.

एकदा एका दातांच्या डॉक्टरनं असंच केलं. आर्डेलनं त्याला भर जेवणावरून उठवून शेडमध्ये बोलावलं आणि बैठक उघडून दाखवली. "हे काय आहे? तुमच्याकडे आलेल्या माणसाच्या दोनच दाढांनी मी रोज अक्रोड फोडले तर चालेल का हो तुम्हाला?" डॉक्टर म्हणाला, "मी हातसुद्धा लावला नाही, आधीपासूनच असेल तसं." झालं. चुकीचा तिला राग यायचाच, पण हे 'मी हात लावला नाही' ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. त्या दिवशी तिनं त्याचं ते गाण्याचं खोकं वायरींसकट उपटलं आणि त्याच्या हातात दिलं.

निवृत्त झाली तेव्हा मैदानवाल्यांनी तिला अकरा नंबरची जुनी गाडी दिली. ती घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं पडून होती. नवरा, रूडी, आधीच गेला होता. मुलगा कर्ट दूर वाळवंटी अॅरिझोनात. आर्डेल, घर, शनिवारचा सौना, म्हणजे लाकडी खोलीतली वाफेची अंघोळ, आणि राग, असं चौघांचं बरं चाललं होतं.

मग सप्टेंबरात तिच्या छातीत दुखलं. स्टेंट घातला. डॉक्टरीण अगदी पोरसवदा होती, पण बोलली मात्र स्पष्ट. "बर्फ उपसायचा नाही. एक फावडंसुद्धा नाही. थंडीत ते ओझं ओढलंत तर मी तुम्हाला पुन्हा बघेन की नाही ते सांगता येत नाही."

आता ज्या गावात खिडकीच्या कडेपर्यंत बर्फ चढतो, तिथं बाईला सांगायचं की फावडं धरू नकोस!

कर्ट धावत आला होता. मायलेकरं एकाच मातीची. स्वयंपाकघरात दोघांची अशी जुंपली की शेजारच्या बर्निसनं, ती चौऱ्याऐंशी वर्षांची, कान दिसत नाहीत अशा टोपीखालून सगळं ऐकलं.

"आई, चल माझ्याकडे. बस झालं आता."

"तुझ्याकडे काय आहे? वाळू!"

"वाळू उपसावी लागत नाही!"

"मी या घरात लग्न होऊन आले, तुला या घरात वाढवलं, रूडीला या घरातून नेला. मला इथून न्यायचं तर तसंच न्यायचं."

"तेच तर होणार आहे, बर्फात मरून पडशील आणि मला फोनवर कळेल!" कर्टनं टेबलावर हात आपटला. "ठीक आहे. हा एक हिवाळा. पण शब्द दे. फावड्याला हात लावलास तर घर विकायचं आणि यायचं. वाद नाही."

"दिला शब्द. आता टेबल मोडू नकोस."

आर्डेलचा शब्द म्हणजे शब्द. गावात तिच्याबद्दल वाईट बोलणारेही एवढं मान्य करायचे.

आता कुणी म्हणेल, पैसे देऊन बर्फ लोटून घ्यावा. गल्लीच्या तोंडासमोर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे लाइल पेल्टियर राहायचा, त्याच्या ट्रकला पुढे लोखंडी पातं होतं आणि अर्ध्या गावाचा बर्फ तोच लोटायचा. पण लाइलशी तिचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. त्यानं आपल्या अंगणातला बर्फ रस्ता ओलांडून पलीकडे लोटला होता, थेट रस्त्याकडेच्या रूडीच्या टपालपेटीवर. या भागात माणूस बायको पळवल्याचं विसरेल, पण रस्त्यापलीकडे लोटलेला बर्फ विसरणार नाही. ज्याचा बर्फ त्यानं आपल्या बाजूला ठेवायचा. रूडीनं पाठदुखी सोसत तीनदा पेटी उकरून काढली. चौथ्यांदा आर्डेलनं तो बर्फ हातगाडीत भरला, रस्त्यापलीकडे नेला आणि लाइलच्या ट्रकच्या टपावर ओतला. लाइल म्हणाला, "वेडी आहेस का तू, म्हातारडे?" ती म्हणाली, "तुझा होता, परत आणून दिला." तिथून अबोला.

मग ऑक्टोबरात अकरा नंबर बाहेर आली.

रागात माणसाच्या हातून भांडी फुटतात. आर्डेलच्या हातून काम व्हायचं. जुनी तेलाची टाकी उभी कापून तिनं पातं केलं, टाकी मुळातच गोल, त्यामुळे बर्फ छान कडेला वळायचा. पात्याच्या खालच्या कडेला बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीतल्या माल वाहणाऱ्या पट्ट्याचं जाड रबर. मागच्या चाकांना साखळ्या, मागे वाळूची पोती. पातं वर ओढायला विंच, म्हणजे तार गुंडाळणारी मोटर. पुढे दोन दिवे, टपावर पिवळा फिरता दिवा, बुडाखाली गरम होणारी गादी. सगळं बारा व्होल्टचं. आणि कन्व्हर्टर तर मागवलाच होता. पण आला तो भलत्याच व्होल्टचा.

फोनवरच्या पोराची तिनं खरडपट्टी काढली. "छत्तीस म्हणून लिहिलंय, छत्तीस! वाचता येतं की नुसताच पगार घेतोस?" पोरगं म्हणालं, बाई, दुसरा पाठवतो, पण आठवडा लागेल.

आठवडा! नोव्हेंबरच्या नऊ तारखेलाच गुडघ्याच्या वर बर्फ पडला. मोठ्या रस्त्यावरून बर्फ लोटणारी सरकारी गाडी गेली आणि गल्लीच्या तोंडाशी कंबरेएवढा ढीग टाकून गेली. आर्डेल शेडमध्ये उभी राहिली, हातात दोन वायरी घेऊन. बराच वेळ उभी होती. मग तिनं बैठक उचलली आणि दोन्ही वायरी शेजारच्या दोन बॅटऱ्यांना लावल्या.

"दोन दिवस," ती मोठ्यानं म्हणाली. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

आणि गाडी काय चालली! भांडखोर बैलासारखी मान खाली घालून ढिगात घुसायची. आर्डेलनं आपलं दार साफ केलं, मग बर्निसचं, मग गल्लीतल्या उरलेल्या दोन घरांचं. माणसं खिडक्यांत आली. दुसऱ्या दिवशी पायरीवर फडक्यात गुंडाळलेल्या, मांस-बटाटा भरलेल्या गरम पास्ट्या. "कशाला मेलं हे!" म्हणत तिनं त्या खाल्ल्या. बर्निस म्हणाली, "आर्डेल, तू तर गल्लीची राणी झालीस." आर्डेल म्हणाली, "राणी गेली खड्ड्यात. तुझी ती कचऱ्याची बादली वाटेतून हलव आधी." पण त्या संध्याकाळी ती सौनात बसून एकटीच हसली, हे कुणाला माहीत नाही.

नवा कन्व्हर्टर आला. खोकं तिनं फळीवर ठेवलं. उद्या लावू. उद्या बर्फ पडला. परवाचा दिवस पास्टीवाल्यांच्या कौतुकात गेला. शिवाय चालतेय ना? चालत्या गाडीची बैठक उघडून गारठलेल्या हातांनी पाने फिरवायला कुणी सांगितलंय! एकतीस वर्षं हेच वाक्य तिनं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि ते बोलणाऱ्याला फाडून खाल्लं होतं.

डिसेंबरात गाडी चढावर धापा टाकायला लागली. थंडी आहे, आर्डेल म्हणाली. चार बॅटऱ्यांतलं पाणी भराभर आटायला लागलं. जुन्या आहेत, ती म्हणाली. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तिनं नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं, बैठक उघड मेल्या, काय करून ठेवलंयस ते बघू.

नाताळच्या चार दिवस आधी कर्ट येणार होता. दुपारी एकला त्याचं विमान हॅनकॉकला उतरणार, पावणेदोनला तो दारात. फोनवर म्हणाला होता, "बघायलाच येतोय." काय बघायला, ते दोघांनाही माहीत होतं. तिनं सांगितलं होतं, "ये, ये, डोळे भरून बघ."

आदल्या दिवशी सगळी गल्ली लोटून तिनं गाडी शेडमध्ये लावली होती. रात्रभर बर्फ पडला आणि पारा इतका खाली गेला की खिळेसुद्धा हाताला चिकटले. सकाळी दहाला तिनं गाडी काढली. गल्ली कशीबशी झाली. तोंडाशी सरकारी गाडीनं टाकलेला ढीग होता, गोठून दगड झालेला. आर्डेलनं मागे घेतली, पुढे घातली. मागे घेतली, पुढे घातली. चौथ्या खेपेला अकरा नंबर ढिगावर चढली, पुढचं चाक हवेत गेलं, पातं मोठ्या रस्त्यावर आलं, आणि सगळं थांबलं. पिवळा दिवा अर्ध्यात थबकला. विंचचा आवाज चिरकत गेला आणि बंद पडला.

तिनं खाली उतरून बैठक उचलली. चार बॅटऱ्या जागच्या जागी होत्या. वायरी लावलेल्या दोन बॅटऱ्यांची पोटं फुगली होती आणि एकीच्या कडेला केसभर चीर. रिकामी बॅटरी थंडीत गोठते आणि फुटते, हे तिनं मैदानावरच्या शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, एकतीस वर्षं.

"गाढवे!" ती ओरडली. "अगं गाढवे! मूर्ख बाई! एवढं साधं कळेना तुला? दोन दिवस म्हणे! दोन दिवस!" मग माहेरच्या फिनिश भाषेत असं काही बोलली की जे तिच्या आईनं ऐकलं असतं तर साबणानं तोंड धुतलं असतं. बर्निसच्या खिडकीचा पडदा हलला.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. सरकारी गाडी बाराच्या आत परत फिरायची, आणि अकरा नंबरचं नाक रस्त्यावर. समोर लाइलचा ट्रक उभा होता. खिशात फोन होता. एक फोन करायचा अवकाश. बारा वर्षांपूर्वीचा बर्फ मध्ये आला. त्या माणसाला फोन? आणि तो हसणार, आणि गावभर सांगणार, आणि कर्टला दारातच कळणार?

व्हरांड्यात मोठं फावडं टेकून ठेवलं होतं. आर्डेल गेली आणि तिनं ते घेतलं.

चाकापुढचा बर्फ निघत नव्हता, फोडावा लागत होता. एक, दोन, तीन. ती प्रत्येक फावड्याला एकेकाचं नाव घेऊन शिव्या घालत होती. कन्व्हर्टरवाल्या पोराला, डॉक्टरणीला, लाइलला, मरून गेलेल्या रूडीला. अकराव्या फावड्याला तिचा जबडा दुखायला लागला. मग डावा खांदा. मग छातीवर कुणीतरी बसलं. ती फावडं टाकून गाडीच्या उघड्या चौकटीवर टेकली, त्या दोन फुगलेल्या बॅटऱ्यांशेजारी.

लाइल रस्ता ओलांडून आला. खिडकीतून बघत असणार, मेला.

"कुणी बोलावलं तुला?" आर्डेल म्हणाली. बारा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तुझं नाक माझ्या रस्त्यावर आलंय. आता सरकारी गाडी येऊन सपाट करेल." त्यानं बैठकीखाली डोकावलं. वायरी बघितल्या. पुन्हा बघितल्या. "दोन बॅटऱ्या? तू? तू!" आणि लाइल पोट धरून हसला, गुडघ्यांवर हात ठेवून हसला. आर्डेलनं हातमोजा काढून त्याच्या तोंडावर मारला. तेव्हा त्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"आर्डेल, तुझा चेहरा राखेसारखा झालाय. चल, दवाखान्यात नेतो."

"गाडी ओढ आधी."

"गाडी गेली चुलीत!"

"ओढ म्हणते ना! दोन तासांत पोरगा येतोय. आणि त्याला एक शब्द बोललास ना लाइल, तर तुझ्या त्या ट्रकच्या टाकीत मी साखर ओतीन."

लाइलनं तोंडातल्या तोंडात शिव्या दिल्या, साखळी आणली, गाडी ओढून शेडमध्ये ढकलली, तोंडाशी राहिलेला ढीग लोटला आणि आर्डेलला घरात नेऊन खुर्चीत बसवलं. दुखणं कमी झालं होतं. गेलं नव्हतं. "मी आत्ता दवाखान्यात फोन करतो," तो दारातून म्हणाला. "कर, आणि बघ," ती म्हणाली. त्यानं केला नाही. ते त्याला पुढे फार लागलं, पण तो निराळा विषय.

पावणेदोनला कर्ट आला. भाड्याची गाडी सरळ दारापर्यंत, चाक कुठे घसरलं नाही. आत शिरला तोच हसत. ओव्हनमध्ये पास्ट्या होत्या, खिडकीत मेणबत्त्या.

"आई, गल्ली काय सुरेख झालीय! रस्त्यानं येताना गाड्या टपापर्यंत गाडलेल्या बघितल्या मी, आणि आपली गल्ली पुसल्यासारखी."

"मग? तुला काय वाटलं?"

"खरं सांगू? मी भांडायला आलो होतो. घर विकायचे कागदसुद्धा बॅगेत आहेत." तो टेबलाशी बसला, पास्टीचा मोठा घास तोडला आणि तोंड भाजलं तरी बोलत राहिला. "हरलो मी. तू जिंकलीस. राहा इथं. मी पुन्हा विषय काढणार नाही, शप्पथ."

आर्डेलनं हेच ऐकण्यासाठी तीन महिने जीव टाकला होता. आता ते पानात वाढून आलं होतं. घर तिचं, खिडकी तिची, सौना तिचा. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायचं!

"ती गाडी दाखव ना मला," कर्ट म्हणाला. "सगळं तूच केलंस? वायरिंगसुद्धा? आणि फावड्याला खरंच हात लावला नाहीस?"

चार शब्द पुरले असते. एकतीस वर्षं माणसं शेडच्या दारात उभी राहून, तोंड वर करून, अगदी सहज तिला तेच सांगत आली होती. तिला ते ओठांवर आलेलं कळलं आणि असा काही संताप आला की ती खुर्चीवरून उठली.

"लावला," ती म्हणाली. "अकरा फावडी. आज. त्या गाडीची वाट मीच लावली, माझ्या हातांनी, आळशीपणा करून. आणि फोन करायचा सोडून मस्तीत फावडं घेतलं. अजून दुखतंय. इथं." तिनं छातीवर मूठ ठेवली. "बघत काय बसलायस?"

कर्टच्या हातातली पास्टी ताटात पडली. त्यानं तिचा कोट आणला, तिच्या अंगात घातला, लहान पोराला घालतात तसा, एक बाही, मग दुसरी. तिला धरून पायऱ्या उतरवल्या, गाडीत बसवलं, पट्टा लावला.

दवाखाना बावीस मैलांवर. बर्फ पुन्हा सुरू झाला होता. कर्ट दोन्ही हातांनी चक्र धरून समोर बघत होता. पहिले पाच मैल आर्डेलनं वाट बघितली. या पोराचं तोंड तिला माहीत होतं, तिचंच होतं ते. आता सुटेल, आता सुटेल. सुटेना.

"बोल की!" तिनंच सुरुवात केली. "मी शब्द मोडला. तुला फसवायला निघाले होते. ओरड! तोंड गेलं का तुझं?"

कर्टनं काचेवरची पुसणी जोरात केली.

"बरं. विक ते घर. एप्रिलमध्ये येते मी तुझ्याकडे. वाळूत. कागद आण, आत्ता सही करते. झालं समाधान? आता तरी ओरड, कर्ट! असा गप्प बसू नकोस, मला सहन होत नाही!"

"आई," कर्ट म्हणाला, आणि त्याचा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. "आत्ता ओरडलो तर मला रडू येईल. रडलो तर रस्ता दिसणार नाही. तुला तिथं पोचवू दे मला आधी."

आर्डेल गप्प बसली. राहिलेले सतरा मैल ती एक शब्द बोलली नाही.